चिकणमातीचे विस्कटलेले थर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घाटकोपरला एम.एस्सी. करते. ठाणे खाडीच्या गाळाच्या एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आलेखात २० अंशांपाशी तिरका उंचवटा येतो. डावीकडे उभा चढ, उजवीकडे लांब उतार. यंत्रात दोष आहे का?

उत्तर : यंत्र ठीक आहे. आपल्या बेसाल्टच्या झिजेतून आलेल्या गाळात स्मेक्टाइट हे फुगणारं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर एकमेकांना समांतर राहतात, पण प्रत्येक थर स्वतःच्या पातळीत कसाही फिरलेला असतो, पिसून न जुळवलेल्या पत्त्यांच्या कॅटसारखा. म्हणून थरांमधल्या अंतराची शिखरं मिळतात. तिन्ही दिशांची शिस्त लागणारी मात्र विरतात आणि त्यांच्या जागी हा एका बाजूला कललेला पट्टा उरतो. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर तो १९.८ अंशांपाशी, म्हणजे सुमारे ४.५ अँगस्ट्रॉमला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटींवा भाग) सुरू होतो. सॉफ्टवेअरने त्यावर सममित शिखर बसवू नका, कारण अव्यवस्थेची खूण त्या तिरकेपणातच आहे. केओलिनाइट आणि इलाइट या चिकणमातीच्या दुसऱ्या खनिजांच्या रेषाही इथेच पडतात, तेव्हा नुसत्या या पट्ट्यावरून स्मेक्टाइटचं नाव घेऊ नका. काचपट्टीवर थर आडवे बसवून ग्लायकॉलची वाफ द्या. थर फुगून त्यांच्यातल्या अंतराचं शिखर १७ अँगस्ट्रॉमला सरकलं, तर खात्री धरा.

प्रश्न : कोकणातल्या केओलिनाइटचा हिंकली निर्देशांक (शिखरांच्या उंचीवरून काढलेलं थरांच्या सुव्यवस्थेचं माप) एकाच नमुन्यावर दर वेळी वेगळा का येतो?

उत्तर : आधी दळणं तपासा. कोरड्या बॉल मिलमध्ये जास्त वेळ दळलं की थरांची रचना आपणच मोडतो आणि मग निसर्गातली अव्यवस्था म्हणून तीच मोजतो. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये, थोडाच वेळ दळा. पूड साच्यात दाबू नका. कण आडवे झोपले की २० ते २२ अंशांमधली हवी ती शिखरं दबतात. क्वार्ट्झची ४.२६ अँगस्ट्रॉमची रेषाही नेमकी तिथेच, २०.९ अंशांना, येऊन बसते. ती असेल तर हा निर्देशांक वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

हिंकली यांनी १९६३ मध्ये दिलेलं हे साधं गुणोत्तर आहे, अव्यवस्थेची टक्केवारी नव्हे. सुव्यवस्थित आणि विस्कळीत केओलिनाइटचं मिश्रण आणि एकच मध्यम प्रतीचा केओलिनाइट, दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. प्रबंधात आकड्याशेजारी आलेखाचा तो भाग छापाच.

प्रश्न : जुलैत आमच्या स्मेक्टाइटचं पहिलं शिखर सरकतं. का?

उत्तर : दमट हवेमुळे. थरांमध्ये पाण्याचा एक पदर असला की अंतर सुमारे १२.५ अँगस्ट्रॉम, दोन असले की १५. नमुना ठरावीक आर्द्रतेत ठेवून मोजा आणि ती आर्द्रता आलेखावर लिहा.