पॅट समिटची फॅन आहेस ना, मग आधी चार पोरींची प्रॅक्टिस घेऊन बघ

प्रश्न: मी नाशिकला सेकंड इयर बी.कॉम.ला आहे, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड खेळते. गेल्या वर्षी पॅट समिट (अमेरिकेतल्या टेनेसी युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या कोच) यांचे जुने इंटरव्ह्यू आणि मॅचेस बघितल्या आणि मी त्यांची अक्षरशः भक्त झाले. त्यांची ती नजर, ते १०९८ विजय, सगळंच! मला टेनेसीला जाऊन स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचंय आणि त्यांच्यासारखी कॉलेज कोच व्हायचंय. आई-बाबा म्हणतात सीए कर, बास्केटबॉल संध्याकाळी खेळ. मॅडम, काय करू?

उत्तर:

अगं, भक्त झालीस ते बरंच झालं, आणि देव पण चांगला निवडलास. आठ वेळा नॅशनल चॅम्पियन, सलग ३८ सीझन एकाच युनिव्हर्सिटीत आणि त्यातला एकही सीझन असा नाही की जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त. पण तुझ्या पत्रात पॅट समिट एकदम १९९८ ची, ३९ पैकी ३९ जिंकणारी दिसते, नाहीतर २००६ नंतरची, म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर पगार घेणारी बायकांच्या बास्केटबॉलमधली पहिली कोच. तुझं वय किती, वीसच्या आसपास ना? मग तू बघायला हवी ती १९७४ ची पॅट.

तेव्हा ती २२ वर्षांची, नुकतीच फिजिकल एज्युकेशनची डिग्री घेतलेली, शेवटच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं. टेनेसीला आली ती मास्टर्स करायला आणि असिस्टंट म्हणून, तर हेड कोच सोडून गेली आणि काम हिच्या गळ्यात पडलं. महिना २५० डॉलर. स्वतःचं मास्टर्स चालू, वर पी.ई.चे क्लास घ्यायचे, वर ऑलिंपिकसाठी गुडघा परत तयार करायचा (आणि केला, १९७६ ला माँट्रियलमध्ये सिल्व्हर घेऊन आली). टीममधल्या काही पोरी हिच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. युनिफॉर्मसाठी पैसे नाहीत म्हणून डोनट विकले, युनिफॉर्म धुवायची हीच, व्हॅन चालवायची हीच, एकदा तर समोरच्या टीमच्या जिममध्येच मॅट टाकून झोपले सगळे. पहिली मॅच? एका पॉइंटने हरली. आणि पहिलं नॅशनल टायटल आलं १९८७ ला. मधली बारा-तेरा वर्षं मोज जरा.

ती जागा तिला मिळाली कारण तेव्हा ती जागा फारशी कुणाला नकोच होती, हे पण लक्षात घे. मुलींना खेळात सारखी संधी द्यायचा टायटल नाइन कायदा १९७२ चा, एनसीएएची (तिकडच्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) बायकांची स्पर्धा सुरू झाली ती थेट १९८२ ला. म्हणजे ती आली तेव्हा घर बांधायचं चाललं होतं आणि तिने विटा वाहिल्या. आज टेनेसीत तयार बंगला आहे आणि गेटवर रांग आहे, त्या रांगेत बहुतेक जण तिकडेच कॉलेज लेव्हल खेळलेले असतात.

म्हणून टेनेसीबद्दल माझं स्पष्ट मत, आत्ता नको. स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे कोचिंग नव्हे, त्यात मार्केटिंग, इव्हेंट, तिकीटविक्री, फायनान्स, कायदा असलं सगळं येतं, चांगलंय पण तुला जे हवंय ते नाही. राहण्याखाण्यासकट दोन वर्षांचा खर्च बऱ्याचदा चाळीस लाखांच्या पुढे जातो. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास कॅम्पसवरच काम करता येतं, आणि नंतर साधारण एक वर्ष कामाची परवानगी, मग पुढे नोकरी देणाऱ्याने व्हिसा स्पॉन्सर करायचा, आणि तो एका असिस्टंट कोचसाठी कोण करणार? ग्रॅज्युएट असिस्टंटची (मास्टर्स करता करता युनिव्हर्सिटीत काम करायची) जागा मिळाली, फी माफ झाली, तर वेगळी गोष्ट, तेव्हा मला परत लिही, मी स्वतः बाबांशी बोलेन. पण कर्ज काढून भक्ती नको.

आता त्या नजरेबद्दल. सगळ्यांना ती नजरच आठवते, रील पण तिचेच बनतात. मला विचारशील तर तिची खरी जरब वर्गात होती. तिच्या खेळाडूंनी लेक्चरला पहिल्या तीन रांगांतच बसायचं, दांडी मारायची नाही, मारली तर मॅच विसरायची. आणि ज्या ज्या पोरी तिच्याकडे पूर्ण कालावधी खेळल्या त्या सगळ्या ग्रॅज्युएट झाल्या, सगळ्या! १०९८ पेक्षा मला हा आकडा जास्त भारी वाटतो. बाई मुळात शिक्षिका होती गं. कोचचं नव्वद टक्के काम तेच आहे, तोच तोच पास, तोच डिफेन्स स्लाइड, रोज, कंटाळलेल्या पोरांना, आणि घरून फोन येतात "तिची परीक्षा आहे, आठवडाभर सोडा" म्हणून, ते पण सांभाळायचं.

हे तुला आवडतं का, ते तुला माहीतच नाही अजून. तुला खेळायला आवडतं, बघायला आवडतं, पॅट आवडते, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा आधी जवळच्या एखाद्या शाळेत जाऊन पी.टी.च्या सरांना विचार, मी अंडर-फोर्टीनच्या मुलींची प्रॅक्टिस घेऊ का, फुकट. बहुतेक सर खुशीने हो म्हणतात. सहा महिने घे. इंटरस्कूल मॅचला त्यांना घेऊन जा, रिक्षाचा हिशोब ठेव, हरल्यावर रडणाऱ्या पोरींना घरी सोड. त्यानंतरही सकाळी ग्राउंडवर जावंसं वाटलं तर पुढचं बोलू.

पुढचं म्हणजे साधारण असं. बी.कॉम. सोडायचं नाही, कारण ग्रॅज्युएशनशिवाय इथले बरेच दरवाजे उघडतच नाहीत. पतियाळाच्या एनआयएसचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स) कोचिंग डिप्लोमा आहे, त्याला ग्रॅज्युएशन आणि खेळातली ठरावीक लेव्हल लागते, अटी त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये बघ. दुसरा रस्ता बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री, मग एम.पी.एड. पुण्यात आगाशे कॉलेज आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ग्वाल्हेरला एलएनआयपीई ही शारीरिक शिक्षणाची संस्था. आणि "कॉलेज कोच" म्हणतेस ना, आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळची पक्की नोकरी म्हणजे कॉलेजातले शारीरिक शिक्षण संचालक, ज्यांना तुम्ही पोरं स्पोर्ट्सचे सर म्हणता ते. त्याला एम.पी.एड.ला ५५ टक्के, वर नेट किंवा सेट, शिवाय खेळाचं रेकॉर्ड आणि फिटनेस टेस्ट. जागा कमी निघतात, भरती रखडते, तोपर्यंत मानधनावर काम करावं लागतं, हे गोड करून सांगत नाही.

म्हणूनच या वर्षी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये यायचा जीव तोडून प्रयत्न कर. वेस्ट झोन इंटर-युनिव्हर्सिटी खेळलीस तर ते सर्टिफिकेट पुढे जागोजागी विचारतात. मिळालं की लगेच स्कॅन करून ठेव, कपाटात दहावीच्या मार्कशीटखाली नको. जोडीला राज्य संघटनेची रेफरी परीक्षा दे, नियम पक्के होतात आणि सुट्टीत चार पैसे सुटतात.

सीएचं काय? तुला अकाउंट्स आवडत नसतील तर बाबांच्या समाधानासाठी फाउंडेशनची फी भरू नकोस, पण "मला सीए नाही करायचं" एवढंच सांगून पण भागणार नाही, त्यांना प्लॅन दाखव. बी.कॉम. पूर्ण, मग बी.पी.एड. किंवा एनआयएस, दोन्हीला मिळून अमेरिकेच्या कर्जाच्या पासंगालाही न पुरेल एवढी फी, आणि सहा महिन्यांची शाळेतली प्रॅक्टिस. पॅटच्या गावातल्या शाळेत मुलींची टीम नव्हती म्हणून तिच्या घरच्यांनी शेजारच्या तालुक्यात बिऱ्हाड हलवलं होतं, पण हे बाबांना लगेच सांगायला जाऊ नकोस, आधी रिझल्ट येऊ दे सेकंड इयरचा.