प्रस्ताव परत आला? आधी पोच शोधा

मॅडम, दापोलीहून लिहिलेली तुमची पोस्ट वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. कॉलेजच्या एनसीसीतल्या एसयूओ (सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांची प्रमुख) मुलीचं नाव सर्वोत्कृष्ट कॅडेटच्या पुरस्कारासाठी पाठवलंत आणि ‘नेतृत्वाचा पुरावा जोडा’ एवढाच शेरा मारून कागद परत आले. मीही कॉलेजात एनसीसी सांभाळायचो, हे सगळं माझं आधीच भोगून झालंय. फॉर्म, सह्या, कॅम्पची सर्टिफिकेटं यात जात नाही, ते तुम्हाला येतंच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं. कोविडमुळे कॉलेजं बंद, पोरं घरीच. पाणी ओसरल्यावर माझा एसयूओ अकरा ज्युनियर घेऊन बाजारात उतरला. मी सांगितलं नव्हतं. मी बहिणीच्या घरातला चिखल उपसत होतो. त्याने फावडं हातात घ्यायच्या आधी सगळ्यांना आरोग्य केंद्रात नेऊन लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून, जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्या घ्यायला लावल्या. ज्यांच्या पायाला जखम होती त्या दोघांना परत धाडलं. ते रुसले, तरी धाडलं. दिवसातून तीनदा डोकी मोजायचा. शेवटी तिथल्या एका वाडीने हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र दिलं. खाली तीसेक सह्या आणि दोन अंगठे.

ते मूळ पत्र मी प्रस्तावाला टाचणी लावून जोडलं आणि एका कार्यालयात नेलं. “साहेब बाहेर आहेत, ठेवून जा,” म्हणाले. ठेवून आलो. झेरॉक्स नाही, आवक क्रमांक नाही. महिन्याने बघतो तर फाइल आहे, पत्र नाही. “असं पत्र नव्हतंच, सर.” एसटीने तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी वेगळा माणूस, उत्तर तेच. एकाने तर मलाच विचारलं, तुम्ही नक्की जोडलं होतं ना?

आणि खरं सांगायचं तर शिफारशीत मी काय लिहिलं होतं? ‘छात्र अत्यंत शिस्तप्रिय, होतकरू व नेतृत्वगुणसंपन्न आहे.’ बस. पूर नाही, गोळ्या नाहीत, परत पाठवलेले दोघं नाहीत. पत्र गेलं आणि त्याच्यासोबत पोराचं कामच कागदावरून पुसलं गेलं. पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. तोही गुणी होता, त्याचं ड्रिल बघत राहावं असं. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

म्हणून मूळ कागद फक्त दाखवायचा, द्यायचा नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंड वाकडं करतील, करू देत. शिफारशीतली विशेषणं काढा. तारीख, जागा, किती कॅडेट होते आणि मुलीने स्वतः कोणता निर्णय घेतला, एवढंच लिहा. माझं मत विचाराल तर वर्ड ऑफ कमांड (परेडचा हुकूम) खणखणीत देणं म्हणजे नेतृत्व नव्हे. कॅम्पात रात्री रडणाऱ्या नव्या पोरीजवळ कोण बसलं, ते बघावं. पण निवड समितीला हे पटेलच असं नाही. मी एएनओपद (कॉलेजातल्या एनसीसी अधिकारी-शिक्षकाचं पद) सोडून दोन वर्षं झाली, सूचना दरवर्षी बदलतात. तुमच्या बटालियनच्या पीआय स्टाफला (सैन्याकडून आलेल्या प्रशिक्षकांना) विचारूनच पुढे जा.

पावसाळा आहे, सर्टिफिकेटं कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. पत्र्याच्या डब्यात ठेवा. लॅमिनेशन तर नकोच, उद्या कुणी मागच्या बाजूला शिक्का मागितला की पंचाईत.

आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा, पुरस्कार हुकला तरी एनसीसीचं सगळ्यात वरचं ‘सी’ सर्टिफिकेट हुकू देऊ नकोस. त्यात किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला (अधिकारी भरतीला) यूपीएससीच्या सीडीएसची लेखी परीक्षा लागत नाही, अर्जांच्या छाननीत निवड झाली की थेट एसएसबीची (सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाची) मुलाखत. माझा तो एसयूओ त्याच वाटेने गेला. पहिल्या खेपेला नाही झालं, दुसऱ्या खेपेची तयारी चालू आहे.

तुमच्याकडे मुदतीचे किती दिवस उरलेत ते पोस्टमध्ये नाही. मुलीच्या कामाबद्दल गावाने दिलेलं पत्र हरवलं असेल तर सरपंचांकडून नवं घ्या, काम कोणत्या तारखेला झालं ते त्यात लिहायला सांगा. पण त्याआधी, पहिल्या वेळी कागद दिलेत त्याची पोच आहे का, तेवढं कळवा.