वर्गात संत्रं घेऊन जा

प्रश्न : डॉक्टर ताई, मी नागपुरात एका शाळेत नववीला सायन्स शिकवते. ऑक्टोबरमध्ये मुलींसाठी ब्रेस्ट कॅन्सरवर एक तास घ्या असं मोठ्या मॅडमनी सांगितलंय. मागच्या वर्षी बाहेरून कोणी आल्या होत्या, दर महिन्याला स्वतःला तपासा म्हणून सांगून गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी एक पोरगी रडत आली, मला गाठ लागतेय म्हणून. पालकांनी मलाच बोलणी ऐकवली. यंदा सांगू काय? आणि मुलांना बाहेर पाठवू का?

उत्तर : आधी त्या पोरीचं बोलू. या वयात गाठ लागली तर ती बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा असते, बोटाखाली गोटीसारखी सरकते, कॅन्सर नसतो. पाळीच्या आधी छाती जड होते, दुखते, गाठीगाठी लागतात, तेही नॉर्मल. राहिलीच गाठ तर डॉक्टरला दाखवायची, सोनोग्राफीत कळतं. चौदाव्या वर्षी हा कॅन्सर जवळपास नसतोच, हे फळ्यावर लिहा हवं तर.

आणि ते दर महिन्याचं तपासणं सोडा बाप्पा. शांघायमध्ये अडीच लाखांवर कामगार बायकांवर हाच प्रयोग झाला, 2002 मध्ये निकाल आला, शिकवलेल्या बायकांमध्ये मृत्यू काही कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सीच, म्हणजे तुकडा काढून तपासणंच, वाढलं. मोठ्या बायकांचं हे, तर नववीच्या पोरींना कशाला घाबरवायचं?

तास पोरींसाठी घ्या, पण डोळ्यासमोर त्यांची आई, आजी, मावशी ठेवा. मी ओपीडीत वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकलं, "दुखत नव्हतं ना, मग काऊन दाखवाचं?" अहो, सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखतच नाही, म्हणून तर बाई घरची कामं, लग्नकार्यं उरकून सहा महिन्यांनी येते. हे एक वाक्य पोरींनी घरी नेलं तरी तुमचा तास वसूल.

दाखवायला दोन गोष्टी न्या. एक कणकेचा गोळा, आत कच्चा वाटाणा दडवलेला, बोटांच्या टोकांनी नाही तर मधल्या तीन बोटांच्या गादीने गोल फिरवत दाबायला सांगा, म्हणजे नर्सबाई काय शोधते ते कळतं. दुसरं, संत्रं. आंबिया बहाराचा माल तेव्हा बाजारात येतोच, थोडं हिरवट असलं तरी चालेल. आतून लिम्फच्या, म्हणजे शरीरातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबल्या की कातडी सुजते पण केसांच्या मुळांपाशी ओढलेली राहते, म्हणून संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात, डॉक्टरांच्या पुस्तकातही हेच नाव आहे. असं दिसलं, निप्पल नव्याने आत गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ आली, तर दुखो न दुखो, जायचं.

जायचं कुठे तेही सांगा, नाहीतर नुसती भीती घरी जाते. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात हाताने तपासणी फुकट होते, पुढे आपलं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मानेवाडा रोडवर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. हाताने काय कळणार म्हणून नाक मुरडू नका, टाटा हॉस्पिटलने 1998 पासून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकडून मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी अशी तपासणी करवली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

मुलांना अजिबात बाहेर पाठवू नका. त्यांनाही आई आहे. शिवाय वयात येताना बऱ्याच मुलांच्या निप्पलखाली सूज येते, वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते, पण तोवर वर्गात चिडवून चिडवून पार वाट लावतात बिचाऱ्याची. शंभरात एखादा पेशंट पुरुषही असतो. 'स्तन' हा शब्द तुम्ही स्वतः दोन-तीनदा सरळ आवाजात म्हणा, पहिल्यांदा खुसखुस होईल, मग थांबेल. प्रश्न बिननावाच्या चिठ्ठीवर घ्या, तोंडी कोणी विचारत नाही.

संत्री मात्र मोजून न्या, मागच्या बाकावरचे पोट्टे तास संपायच्या आत खाऊन टाकतात.