विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरचे पॉइंट वारंवार का जळतात?

नुसते पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) बदलून हे थांबणार नाही. आधी आवाज ऐका. मोटर चालू असताना कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकाने ओढला जाणारा स्विच) तडतडत असेल, तर पॉइंट क्षणाक्षणाला उघडमिट होतात आणि दर वेळी ठिणगी पडते. मुख्य कारण बहुधा कमी व्होल्टेज. कॉन्टॅक्टर नीट ओढला जायला कॉइलला (चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्याला) तिच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या साधारण ८५ टक्के तरी व्होल्टेज हवे, म्हणजे ४१५ व्होल्टच्या कॉइलला सुमारे ३५३. मोटर सुरू होताना मीटर पाहा, एरवीचा आकडा फसवतो. व्होल्टेज ठीक असेल तर मेन स्विच पाडून, वायरमध्ये वीज नसल्याची खात्री करून स्टार्टरची डबी उघडा. चुंबकाच्या तोंडावर धूळ, गंज, मुंग्या आहेत का, त्यातली तांब्याची कडी तुटली आहे का, ते बघा.

पॉइंट नुसते काळे पडले असतील तर राहू द्या. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, चांदीचा थर जातो. खड्डे खोल असतील, थर संपत आला असेल, तर तिन्ही फेजचे पॉइंट स्प्रिंगसकट एकदम बदला. ऑटो स्विच (वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा) असेल तर त्याला लो-व्होल्टेज कट (व्होल्टेज कमी असताना मोटर बंद ठेवणारी सोय) आणि थोडा टाइम डिले (मोटर थोडं थांबून सुरू होणं) असलाच पाहिजे.