नवीन लेकरू दारातच बसतंय, काय करू?

प्रश्न: ताई, मी बीड जिल्ह्यात पहिली-दुसरीला शिकवते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं आजीकडं येतात, त्यातलं एक सहा वर्षांचं पोरगं आठ दिवस झाले दाराजवळ दप्तर कवटाळून बसलंय, बोलत नाही, डबाबी उघडत नाही. कोणते खेळ घेऊ?

उत्तर: आधी एक करा, त्याला "नाव सांग" म्हणून वर्गासमोर उभं करू नका, आपण सगळेच हे करतो आणि तिथंच लेकरू आक्रसतं. दप्तर राहू द्या मांडीवर, सध्या तेच त्याचं घर आहे. मग दाराजवळच खेळ मांडा, त्याला आत ओढण्यापेक्षा वर्गच थोडा तिकडं सरकवायचा. मूठभर चिंचोके घ्या, मुठीत लपवून "किती?" विचारा, बोटं दाखवली तरी उत्तर धरायचं. मी शिकवायचे तेव्हा अशीच एक पोरगी चार दिवस नुसती बघत होती, पाचव्या दिवशी गुपचूप माझी मूठ उघडून चिंचोके मोजायला लागली, बोलली मात्र पंधरा दिवसांनी. मामाचं पत्र हरवलं घ्याल तर पहिल्यांदा रुमाल त्याच्यामागं टाकू नका, बावरतं. एक बोलकं पण दादागिरी न करणारं पोर जोडीला द्या, डब्याला दोघं सोबत. आणि आजीला सांगा, संध्याकाळी आईबापाला फोन लावून द्या, शाळेत काय खेळला तेवढंच विचारायचं. महिनाभर गेला तरी काहीच बोलत नसेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, आणि घरीबी जेवत नसेल तर महिनाभर थांबू नका, लगेच दाखवा.