तळं खोल करण्याआधी त्याच्या वर आणि खाली काय आहे ते बघा

प्रश्न असा आलाय : श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातली छोटी तळी शेकडो वर्षं चालली, तर आज त्यांतला गाळ काढून ती खोल केली की पुरे व्हायला हवं. मग दुरुस्त केलेली तळीही उन्हाळ्याआधी का आटतात?

कारण तिथलं तळं कधी एकटं नव्हतंच. तळ्याला सिंहलीत 'वेव' म्हणतात आणि एका ओढ्याच्या खोऱ्यात एकाखाली एक बांधलेल्या वेवांच्या माळेला 'एल्लंगावा'. वरच्या तळ्याचा सांडवा आणि त्याखालच्या भातशेतीतून निथळलेलं पाणी खालच्या तळ्यात येतं, तिथून पुढच्या शेतात, मग आणखी खाली. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी, पुढे कडक ऊन. तेव्हा तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याची ही सोय. सी. एम. मद्दुम बंडार यांनी १९८५ मध्ये या रचनेसाठी 'कॅस्केड' हा शब्द रूढ केला. त्याआधी बरेच अभियंते एकेक तळं सुटं मोजत आणि माझ्या मते नुकसान तिथूनच सुरू झालं.

आता एका तळ्याभोवती काय काय असतं ते बघा, खरी हुशारी तिथे आहे. पाणी जिथून आत येतं त्या उथळ काठावर झाडांचा पट्टा, 'गसगोम्मन'. त्यात अर्जुन आणि मोह असतात, म्हणजे आपल्याही ओळखीची झाडं. ती वारा अडवतात, त्यामुळे बाष्पीभवन कमी होतं. त्याला लागून 'पेरहन' हा गवताचा पट्टा, येणाऱ्या पाण्यातला गाळ गाळून घेणारा. त्याच्याही वर, रानात, 'कुळुवेव' नावाचं छोटं तळं. त्यातून शेताला थेंबही द्यायचा नाही. गाळ तिथेच बसावा आणि जनावरांनी तिथेच पाणी प्यावं एवढ्यासाठी ते राखलेलं. बांधाच्या खाली, शेत सुरू होण्याआधी, 'कट्टकडुव' ही केवड्यासारख्या झाडाझुडपांची दाट पट्टी. बांधातून पाझरणाऱ्या पाण्यातले क्षार ती धरून ठेवते, म्हणून खालची भातखाचरं खारावत नाहीत. अनेक ठिकाणी लोकांनी हीच पट्टी तोडून तिथे भात लावला.

अशा तळ्यावर नुसतं यंत्र चालवलं की काय होतं? मोरीच्या, म्हणजे तळ्यातून शेताला पाणी सोडायच्या तोंडाच्या, पातळीखाली जे खोदाल त्यातलं पाणी उताराने शेताला मिळत नाही. ते गुरांना, विहिरींना उपयोगी पडतं, पण भाताला नाही. खणताना तळाचा चिकणमातीचा थर फाटला तर पाझर वाढतो. सांडवा उंच केला तर पाणी उथळ पसरतं, गसगोम्मन बुडून मरतं आणि उन्हाला जास्त पृष्ठभाग मिळतो. शिवाय वरचं तळं मोठं केलं की खालच्या तळ्याचा वाटा तुटतो. गाळ काढणं वाईट नाही, पण वरचं रान आणि गवत गेलेलं असेल तर तो पुन्हा भरतोच.

पाण्याइतकाच माणसांचाही बंदोबस्त होता. पाणी कमी असलं की 'बेत्म' ठरायचं : तळ्याजवळचा तेवढाच तुकडा पिकवायचा, पण तो सगळ्या खातेदारांत त्यांच्या हिश्श्याप्रमाणे त्या हंगामापुरता वाटून. ज्याची मूळ जमीन दूर आहे तोही उपाशी राहत नाही. खानदेशातली फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना यातला न्याय लगेच कळेल. बांधाच्या डागडुजीचा वाटाही हिश्श्यावरच ठरे. इंग्रजांनी १८३२ च्या सुमारास 'राजकारिय' ही सक्तीची सेवा बंद केली. सक्ती गेली हे चांगलंच झालं, पण तळ्यांची देखभालही त्याच सेवेवर उभी होती आणि तिच्या जागी लवकर काही आलं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आता पैसा येतो, आणि तो बहुतेकदा खोदकामाकडेच वळतो, याची मला काळजी वाटते.

तुमच्या हातात काम असेल तर आधी अख्खा ओढा चालून या, माथ्यापासून शेवटच्या तळ्यापर्यंत, तळ्यावर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन. गाळ अडवणारी वरची तळी आणि गवताचे पट्टे आधी सावरा, कट्टकडुवच्या जागेतला भात हटवून तिथे पुन्हा झाडं लावा, सांडव्यांच्या पातळ्या एकमेकींशी ताडून बघा. यंत्र त्यानंतर बोलवा.