घोडा आवडतो की कॅमेरा?

आर्वी तालुक्यातल्या एका कास्तकाराचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, बायोलॉजी घेतलेला. त्याचा मामा नागपूरला एका रायडिंग क्लबात मोतद्दार, घोड्यांची देखभाल करतो. दिवाळीनंतर क्लबाचा जम्पिंगचा, म्हणजे घोड्यांच्या अडथळ्यांवरून उड्यांचा, शो झाला, तेव्हा पोरगा गावच्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मागून घेऊन गेला. सहाशेवर फोटो काढले. चार स्वारांच्या घरच्यांनी फोटो घेतले, १४०० रुपये मिळाले. "तवापासून पोट्टं घोड्याईच्या मागं लागलं. कापसाचे पैसे आले का दीड लाखाचा क्यामेरा घेऊन द्या म्हन्ते. याच्यात पोट भरते का, सांगा." सोबत मुलानं निवडलेले चौदा फोटो.

भाऊ,

कॅमेरा यंदा घेऊ नका. हे आधीच सांगतो, कारण कापसाचा चुकारा हातात आला की त्याला दहा वाटा फुटतात, आणि पोराचा हट्ट त्यातली एक असते. पण त्याचे फोटो बाजूलाही सारू नका. पत्रांना उत्तरं द्यायच्या या कामात येण्याआधी मी बारा वर्षं एका दैनिकासाठी खेळांचे फोटो काढले. त्याच नजरेनं हे चौदा फोटो दोनदा पाहिले.

तिसरा फोटो बघा. एकामागे एक दांड्या लावलेला रुंद अडथळा आहे, त्याला ऑक्सर म्हणतात. घोडा बरोबर मधोमध, पाठीची कमान झालेली, पुढचे दोन्ही गुडघे सारखे दुमडून छातीशी आलेले, कान पुढं. स्वार मुलीचे हात मानेलगत पुढं गेलेत, लगाम ढिला सोडलाय, आणि तिची नजर पुढच्या अडथळ्यावर आहे. मागच्या नालेतून सुटलेलं मातीचं ढेकूळ अजून हवेतच आहे. घोडा वर गेलेला दिसला आणि मग बटण दाबलं, तर असा फोटो येत नाही, तोवर घोडा उतरायला लागलेला असतो. डोळा तेवढा जलद नाहीच. दौडत्या घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, हे माणसाला ठरवता येत नव्हतं. १८७८ साली मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं कॅलिफोर्नियात ओळीनं १२ कॅमेरे लावले, तेव्हा कुठं ते दिसलं. म्हणून फोटोवाल्याला घोड्याच्या टापा मोजाव्या लागतात. कँटर, म्हणजे संथ दौडीच्या चालीत टापांचे तीन ठोके पडतात, एका झेपेत साधारण १२ फूट अंतर कापलं जातं. शोआधी स्वार मैदानात पायी फिरून दोन अडथळ्यांमधल्या झेपा मोजतात. शेवटची झेप ओळखली की बोट आपोआप वेळेवर पडतं. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, "तो म्हन्ते, घोडा उडाच्या आधी कान सांगते." हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. वावरात बैलांमागं चालून आलेलं आहे ते.

आता सातवा आणि बारावा. दोन्हींत घोड्याचं तोंड लगामानं ओढून उघडं पडलंय, स्वार मागं राहिलाय. बघणाऱ्याला थरार वाटेल, पण त्या स्वाराला लाज वाटेल आणि घोड्याला तर दुखलंच आहे. असे फोटो विकायचे नाहीत, मोबाइलवरून फिरवायचेही नाहीत. ज्यांच्या मैदानात उभं राहायचं, त्यांचा विश्वास असा एका फोटोनं जातो. पाचव्यात घोड्याच्या पोटाखालून प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसतात. जागा आधी हेरावी, जमिनीलगत बसावं म्हणजे अडथळा उंच दिसतो, ऊन पाठीशी घ्यावं, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावं. आणि फ्लॅश कधीही नाही. सुरुवातीच्या दिवसांत माझा फ्लॅश चुकून उडाला होता. घोडा अडथळ्यासमोर जागीच थबकला आणि स्वार मुलगा त्याच्या मानेवरून पलीकडं पडला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. आज लिहितानाही तो आवाज आठवतो.

पोटाचं विचारलंत. तुम्हीच लिहिलंय की असा शो वर्षातून दोनदा होतो. १४०० दुणे २८००. एवढ्यावर घर चालत नाही, पुढं दुप्पट-तिप्पट झाले तरी नाही. पण ही नजर इतर ठिकाणी चालते. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवला, आपल्याकडचे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, पुन्हा भरू लागलेत, आणि आपल्या जोडीचा चांगला फोटो कोणत्या मालकाला नको असतो? डिसेंबरात नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथं विकणाऱ्याला उडीचा फोटो नको असतो. सपाट जागेवर बाजूनं दिसेल असा उभा घोडा, चारही पाय वेगळे दिसणारे, कॅमेरा पोटाच्या उंचीवर, असा लागतो. बाकी लगीनसराईत त्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली राहू द्या. कॅमेराही तिथलाच वापरू द्या, शोच्या दिवशी मोठी लेन्स भाड्यानं आणू द्या.

पण मला खरं अडवलं ते चौदाव्या फोटोनं. त्यात उडी नाहीच. शो संपलाय, मामा ओल्या जमिनीवर उकिडवा बसून घोड्याच्या पायावरून, गुडघ्यापासून खाली, तळहात फिरवतोय. नस गरम लागते का ते पाहतोय. घोड्यानं मान वळवून त्याच्या पाठीवर नाक टेकलंय. सहाशे फोटोंतून हा निवडणाऱ्या पोराला कॅमेरा आवडतो की घोडा? तुम्ही त्याला सरळ विचारा, आणि उत्तर द्यायला आठ दिवस द्या.

माझा अंदाज घोड्याकडं झुकतो. तसं असेल तर 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा मनापासून द्यावी. पशुवैद्यकाला त्यावरच प्रवेश मिळतो, शिक्षण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं, आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. जनावराचा कान वाचणारा डॉक्टर आपल्या भागाला फार हवा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. उत्तर कॅमेरा असं आलं, तर नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे. तिची सीईटी वेगळी असते आणि त्यात चित्र काढावं लागतं, म्हणून हात आतापासून बसवायला हवा. यंदा दोन्ही फॉर्म भरा. बारावी मात्र सोडायची नाही, ड्रॉपही घ्यायचा नाही. हे माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.

चौदावा फोटो मोठा करून मामाला द्या. पुढच्या शोला मुलाला आदल्या दिवशीच पाठवा, तबेल्यात राहू द्या, खरारा करू द्या, लीद काढू द्या. परतल्यावर तो आधी काय सांगतो, फोटोचं की घोड्याचं, ते मला कळवा.